शेंडा खाल्ला कुणी? दाजीपूरच्या कडेच्या दोन एकरांचं प्रकरण

जांभळाचं एक रोप. २०१९ च्या पावसाळ्यात लावलं तेव्हा माझ्या गुडघ्याला लागत होतं. २०२२ ची दिवाळी झाली, तरी गुडघ्यालाच. रोग नाही, कीड नाही, पानं तुकतुकीत. बुंधा मात्र अंगठ्याहून जाड झालेला. खाली बसून बुंध्यावरून बोट फिरवलं की गाठी लागतात. प्रत्येक गाठीपाशी एक वाळकं खुंट आणि त्याच्या बगलेतून निघालेली फांदी. मी पाच गाठी मोजल्या. म्हणजे पाच वेळा शेंडा गेला आणि पाच वेळा बगलेतल्या डोळ्याने कारभार हातात घेतला.

हे एकच रोप असतं तर लिहायला बसलो नसतो. राधानगरी तालुक्याच्या पश्चिमेला, अभयारण्याच्या हद्दीलगत आमच्या घरची दोन एकर वरकस जमीन आहे. खाली भात, मधल्या टप्प्यात नाचणी आणि वर ही पड, तिच्याही वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, शेती काका बघतात. पड नुसती पडून आहे म्हणून तिथे दीडशे रोपं लावली: जांभूळ, फणस, हिरडा, आवळा, कुंभा, ऐन, आणि ओघळाच्या कडेने रातांबा. शंभराच्या वर जगली. इतकी रोपं जगणं हे खरं तर यशच. पण तीन वर्षांनी पाहावं तर सगळी झुडपं होऊन बसलेली, चहाच्या मळ्यासारखी. जंगल लावलं होतं आणि उगवलं होतं कुंपण.

काकांचं निदान तयार होतं. ‘‘गव्यानं खाल्लं. दुसरं काय हाय हितं?’’ उपायही तयार होता: रोपं उपटायची आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, तिला कुणी तोंड लावत नाही.

गव्यावर आळ घेणं आमच्याकडे फार सोपं आहे. दाजीपूरचं जंगल १९५८ साली अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि तेही गव्यासाठीच. १९८५ साली ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य केलं गेलं. पश्चिम घाटाच्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांतही ते आहे. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला हात लावायची सोय नाही. पूर्ण वाढलेला नर सहाशे ते हजार किलोंचा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. असं जनावर रात्री उसात शिरलं तर सकाळी शेतकऱ्याने काय बोलावं? राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, कुठेही जा, बांधावरच्या गप्पांत गवा येतोच. त्यामुळे काहीही खाल्लेलं दिसलं की नाव त्याचंच.

माझंही तेच मत होतं. ते बदललं धनगरवाड्यावरच्या आबांनी. आबांचं वय सत्तरीच्या पुढे, जन्म याच रानात गेलेला. त्यांना वर नेलं आणि म्हटलं, ‘‘बघा आबा, काय केलंय गव्यानं.’’ ते एका हिरड्यापाशी बसले, शेंडा चिमटीत धरला आणि माझ्याकडे वर बघून हसले.

‘‘सर, ह्यो गवा न्हवं. ह्यो ससा हाय. गव्याला वरचं दात आसत्यात काय?’’

मी जीवशास्त्राचा मास्तर. नसतात, हे मला ठाऊक होतं. गाय, म्हैस, शेळी, गवा, हरीण, कुणालाच वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती टणक हिरडी. जनावर जिभेने पाला ओढतं, खालचे दात आणि वरची हिरडी यांत धरतं आणि मानेला झटका देतं. त्यामुळे फांदी ओरबाडली जाते. टोकाला सालीची चिंध्यांसारखी लक्तरं राहतात. सशाला खाली-वर दोन्हीकडे पटाशीचे दात. तो कातरतो: तिरपा, स्वच्छ काप, चाकूने मारल्यासारखा. पुस्तकात वाचलेलं, वर्गात शिकवलेलं, आणि तीन वर्षं त्याच रोपांपाशी उभं राहून एकदाही शेंड्याचं टोक डोळ्यांजवळ नेलं नव्हतं. आबांनी ओरबाडलेलं आणि कातरलेलं अशी दोन टोकं माझ्या तळहातावर शेजारी-शेजारी ठेवली. त्या क्षणापासून या प्रकरणाचा खरा तपास सुरू झाला.

साठ रोपांना सुतळी बांधून नंबर दिले आणि २०२२ च्या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत महिन्याला एक फेरी मारली. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी टिपायच्या: टोक कातरलेलं की ओरबाडलेलं, जमिनीपासून किती उंचीवर, आणि आसपास खूर किंवा शेण कुणाचं. गव्याचा खूर गावठी गाईच्या खुरापेक्षा बराच मोठा उमटतो. धुळीत तर चूक व्हायला जागाच नाही. अडचण एकच. गाय आणि गवा दोघंही ओरबाडतात. मग टोकावरून नाही, तर महिन्यावरून निवाडा करावा लागला. पावसाळ्यात आमच्याकडे जनावरं दावणीला किंवा राखणीत असतात, कारण खाली पीक उभं असतं. तेव्हा वर काही ओरबाडलेलं दिसलं तर ते गव्याचं किंवा सांबराचं. असं पावसाळ्यात फार थोडं दिसलं. साहजिक आहे, सड्यावर कमरेएवढं गवत असताना गव्याला माझ्या फणसाची काय मातब्बरी! ओरबाडणं सुरू झालं ते जानेवारीच्या शेवटी, गवत वाळल्यावर, आणि मे महिन्यापर्यंत वाढत गेलं. नेमकं याच काळात, सुगी संपली की, गावची जनावरं मोकळी सुटतात.

हिशेब लागला तो असा. कातरलेले शेंडे बहुतेक सगळे वीतभर-दीड वीत उंचीवरचे, म्हणजे ससा. ओरबाडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रोपांभोवती खुरं होती ती लहान, आणि वाट थेट खालच्या गोठ्याकडे जात होती. तो गोठा काकांचा. खात्रीने गव्याचं म्हणावं असं काम साठातल्या वीसेक रोपांवर होतं. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, ‘‘आपली म्हस एवढ्या वर चढत न्हाई.’’ त्यांचं बरोबर होतं. म्हैस चढत नव्हती. दोन गाई आणि एक खोंड चढत होते.

तरी गवा निर्दोष सुटला असं नाही. ससा शेंडा खातो तो रोप लहान असताना. दीड-दोन फुटांच्या वर गेलेलं रोप सशाच्या तावडीतून सुटतं. गाई तासाभरात उतरून जातात. गवा मात्र पाच-सहा फुटांवरच्या शेंड्यापर्यंत सहज पोचतो, आणि त्याहून उंच असेल तर कोवळं खोड छातीने दाबून वाकवतो. माझा एक आवळा असाच मधोमध मोडलेला मिळाला, वरचा पाला गायब आणि खोडावर घासलेले काळे केस. थोडक्यात, रोपाला एका पाठोपाठ एक तीन तोंडांखालून जावं लागतं. पहिल्या दोघांनी ते तीन-चार वर्षं बुटकं ठेवलं की तिसऱ्याच्या टप्प्यात ते जास्त वर्षं राहतं.

इथे थोडं लांब जावं लागेल, कारण चरणारं मोठं जनावर आणि झाड यांच्या नात्याचा जो अभ्यास दीर्घकाळ चालला आहे तो आपल्याकडचा नाही. अमेरिकेत लेक सुपिरिअर या सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. तिथे मूस आहे. मूस म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं हरीण, खांद्यापाशी माणसाहून उंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते या बेटावर पोचलं. तिथे त्याला खाणारं कुणी नव्हतं, संख्या भरमसाट वाढली, आणि १९३० च्या दशकात उपासमारीने कोसळली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत लांडगे आले. १९५८ पासून या लांडग्यांवर आणि मूसवर अभ्यास सुरू आहे, आजतागायत. दाजीपूर अभयारण्य झालं तेच साल. आपण फलक लावला, त्यांनी वही उघडली. हे टोचतं, पण खरं आहे.

तिथलं मुख्य झाड बाल्सम फर, आपल्या ख्रिसमसच्या झाडासारखं दिसणारं. हिवाळ्यात बहुतेक झाडांचा पाला झडतो आणि बर्फाच्या वर मूसला खाण्याजोगं हिरवं उरतं ते मुख्यतः हेच. मूस त्याचे शेंडे खातो. बेटाच्या पश्चिम टोकाला फरची अशी रोपं सापडली जी दशकानुदशकं छातीच्या वर गेलीच नाहीत. अभ्यासकांनी ती कापून खोडातली वर्तुळं मोजली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं की, लांडगे कमी आणि मूस जास्त असलेल्या वर्षांत वर्तुळं बारीक होतात. १९८० साली बेटावर पन्नास लांडगे होते. कुत्र्यांमधून आलेल्या पार्व्हो विषाणूच्या साथीने १९८२ पर्यंत चौदा उरले. त्यानंतर मूस वाढत वाढत गेले आणि १९९६ च्या कडक हिवाळ्यात हजारोंच्या कळपाचे काही शेच राहिले. पुढे लांडगे इतके घटले की २०१८-१९ मध्ये एकोणीस लांडगे बाहेरून आणून सोडावे लागले.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटली ती कुंपणांची गोष्ट. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या बेटावर जंगलाचे छोटे तुकडे जाळीने बंद करून ठेवलेले आहेत, मूसला आत जाता येऊ नये म्हणून. आत एक जंगल वाढलं, बाहेर दुसरं. बाहेर फर घटला आणि स्प्रूस हे दुसरं सदाहरित झाड वाढलं, कारण स्प्रूसला मूस तोंड लावत नाही. फरक तेवढ्यावर थांबला नाही. स्प्रूसचा पाला सावकाश कुजतो. त्यामुळे मातीत नत्र सुटण्याचा वेगही बाहेर मंदावलेला आढळला. जनावराने काय खाल्लं यापेक्षा काय शिल्लक ठेवलं, त्याने जंगल ठरलं.

हे वाचल्यावर काकांची ऑस्ट्रेलियन बाभूळ मला वेगळी दिसायला लागली. आमच्या पडीवर गवा, गाय, ससा तिघंही जांभळाचा आणि फणसाचा शेंडा आवडीने खातात आणि रानमोडी या तणाला कुणी शिवत नाही. गेळ्याचे काटे त्याला वाचवतात. म्हणजे मी काहीच केलं नाही तर वीस वर्षांनी तिथे रानमोडी आणि गेळा असेल, आणि बाभूळ लावली तर बाभूळ. दोन्ही बाबतींत जनावरांचंच मत चालणार. सरळ तुलनाही करू नये हे कबूल. बाभूळ नत्र धरणारं झाड आहे, स्प्रूससारखं नाही. पण तिचा चिवट पाला जमिनीवर थरावर थर पडून राहतो, हे सामाजिक वनीकरणाच्या कुठल्याही जुन्या पट्ट्यात जाऊन पाहावं. बुटाखाली नुसता चुरचुर आवाज, खाली काही उगवलेलं नाही.

आणखी एक मोठा फरक आपल्या बाजूचा आहे. फर बुंध्यातून फुटत नाही. शेंडे जात राहिले की त्याची कथा हळूहळू संपते. जांभूळ, हिरडा, ऐन हे बुंध्यातून फुटणारे. शेंडा गेला की वरून खाली येणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक थांबतं आणि त्याने दाबून ठेवलेले खालचे सगळे डोळे एकदम जागे होतात. झुडूप होतं ते यामुळेच. रोप मरत नाही, त्याला फक्त पुढारी राहत नाही. आणि या नव्या फुटव्यांचा खर्च निघतो मुळांत साठवलेल्या पिठातून. मे अखेरीला शेंडा गेला तर पुढे पाऊस आहे, झाड भरून काढतं. फेब्रुवारीत गेला, एप्रिलमध्ये पुन्हा गेला, तर कोरड्या जमिनीत दोनदा फुटण्याचा खर्च पडतो. माझी जी रोपं मेली त्यांतली बरीचशी अशी दोनदा खाल्लेली होती.

२०२३ च्या जूनमध्ये उपाय केला. वीस रोपांना स्वतंत्र पिंजरे आणि पाच मीटर लांबी-रुंदीचे दोन तुकडे पूर्ण बंद. तारेची जाळी परवडणारी नव्हती. काकूंनी सुचवलं, कारवीचा कूड घाला. आमच्याकडे जुन्या घरांच्या भिंती अशाच असायच्या, कारवीच्या काठ्या विणून वर शेणमातीचा लेप. लेप न देता तोच कूड उभा केला आणि बाहेरून करवंदीच्या काट्या खोवल्या. गव्याच्या ताकदीपुढे हा कूड म्हणजे पापड आहे, पण काट्यात नाक घालायची त्याला हौस नसते, शेजारी दुसरं खायला असेल तोवर. वीसातले दोन पिंजरे मोडले, बाकी राहिले.

पिंजऱ्यातल्या प्रत्येक रोपावर आणखी एक काम केलं. सगळे फुटवे छाटून सगळ्यात सरळ आणि जोमदार असा एकच ठेवला. हे करताना हात थरथरतो. तीन वर्षं जनावरांपासून वाचवलेला पाला आपणच कात्रीने पाडायचा. पण मुळं तीन-चार वर्षांची आणि शेंडा एकच, याचा परिणाम डोळ्यांदेखत दिसला. पहिल्या पावसाळ्यात ते पाच गाठींचं जांभूळ माझ्या कमरेच्या वर गेलं. नव्या रोपाला हे जमत नाही. जनावरांनी नकळत मुळं तयार करून दिली होती म्हणायची.

बंद तुकड्यांचं मात्र वाटोळं झालं, आणि मला वाटतं या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं तेच आहे. आत कुणी चरत नाही म्हटल्यावर गवत छातीएवढं वाढलं. दिवाळीनंतर ते वाळून आडवं पडलं आणि त्याखाली उंदरांनी संसार थाटले. सहा रोपांची बुंध्यालगतची साल गोल कुरतडलेली मिळाली. सालीखालून अन्न मुळांकडे जातं, ती वाटच तुटली, रोपं उभ्या उभ्या वाळली. उरलेलं मार्चमध्ये गेलं. सड्यावर नवं गवत लवकर फुटावं म्हणून दरवर्षी कुणीतरी काडी टाकतं. कुणी, ते गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं. २०२४ च्या मार्चमध्ये तो वणवा आमच्या पडीवर उतरला. चरलेल्या, तुडवलेल्या जागेत आग घोट्याएवढी सरपटत गेली, तिथली रोपं होरपळली पण जगली. कुडाच्या आत तिला कोरड्या गवताची गंजीच मिळाली. दोन्ही तुकडे काळे.

आणि त्यानंतरचे तीन आठवडे पाहण्यासारखे होते. जळलेल्या सड्यावर राखेतून हिरवी पोपटी पाती फुटली, होरपळलेल्या जांभळांच्या बुंध्यांतून तांबूस कोवळे फुटवे आले, आणि भर उन्हाळ्यात ही हिरवळ पाहून बाराएक गव्यांचा कळप रोज पहाटे आमच्या पडीवर. आबा म्हणाले, ‘‘त्यास्नी कुनी बोलावलं? आगीनं बोलावलं.’’ वणवा झाडाला जमिनीलगत आणतो आणि त्याच वेळी जनावराला झाडाजवळ आणतो. मी चार वर्षं गव्याच्या तोंडाकडे बघत होतो, काडीपेटीकडे नाही.

मधल्या काळात नुकसानभरपाईचाही विचार झाला. पिकांचं आणि फळझाडांचं वन्यप्राण्यांमुळे नुकसान झालं तर शासन भरपाई देतं, त्यासाठी पंचनामा होतो. पण न वाढलेल्या झाडाचा पंचनामा कसा करायचा? झाड जागेवर आहे, हिरवं आहे. वनखात्याचे गार्डसाहेब भले माणूस, त्यांनी रोपं पाहिली, चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘सर, ह्याच्यात मी काय लिहू?’’ विषय तिथेच संपला.

आता व्यवस्था अशी आहे. डिसेंबरअखेर पडीच्या वरच्या अंगाला वणवा अडवायला आठ फूट रुंदीची जाळरेषा काढतो, गवत कापून, पाला ओढून. पिंजऱ्यातलं गवत नोव्हेंबरमध्ये हाताने उपटतो आणि बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवतो, उंदरांसाठी. पिंजरे शंभर रोपांना घालत नाही. कमरेच्या वर गेलेल्यांनाच घालतो, कारण त्यांना पार व्हायला दोन-तीन पावसाळेच लागतात. बाकीची झुडपं तशीच ठेवली आहेत. ती खाऊ देत. गव्याला तिथे खायला असलं की तो कुडाशी झटत नाही, असा माझा अंदाज आहे, आणि सध्या तरी तो खोटा पडलेला नाही. बंद तुकडे पुन्हा केले नाहीत. काका फेब्रुवारी ते मे गाई-खोंड खालच्या टप्प्यातच राखतात. त्यासाठी चार महिन्यांचा जास्तीचा कडबा माझ्या खिशातून जातो, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं.

बाभळीचा विषय काकांनी सोडला नाही, पुढे ढकलला आहे.

पाच गाठींच्या जांभळाचा पिंजरा मागच्या मे महिन्यात काढला. शेंड्याला माझा हात वर करूनही पुरत नव्हता. पंधरा दिवसांनी गेलो तर खालच्या फांद्यांचा पाला साफ होता, एका ठरावीक उंचीवर कुणीतरी दोरी धरून छाटल्यासारखा. टोकं ओरबाडलेली, खाली धुळीत मोठे खूर. त्या रेषेच्या वर झाडाला हात लागलेला नव्हता. बुंध्याची साल मात्र एका जागी तळहाताएवढी सोललेली होती. मध्य भारतात गवा उन्हाळ्यात सागाची साल सोलून खातो, हे वाचलं होतं. जांभळाची इथे पहिल्यांदाच पाहिली. ती जागा शेणमातीने लिंपून घेतली आणि वहीत नवीन रकाना आखला.